सगळ्या टाक्यांना ३१६ची जाळी? जरा थांबा

टाकीवाला_जळगाव
काल पुण्याच्या एका भाऊंनी लिहिलं: ‘जॉब धुवायची असो नाहीतर भट्टीची, कुठलीही बास्केट घ्या, सरळ एसएस ३१६ची घ्या. गावठी फॅब्रिकेशनवाल्याच्या नादी लागू नका. एकदा पैसे टाका आणि विसरून जा.’ (जॉब म्हणजे कारखान्यातले सुटे भाग, बास्केट म्हणजे ते ठेवायची जाळीची टोपली; एसएस ३१६ हा स्टेनलेस स्टीलचा महागडा प्रकार, ३०४ त्याहून स्वस्त.) हा सल्ला कुणाला, तर ६ मिमीच्या पिना धुवायला केवढ्या भोकाची जाळी लागेल एवढंच विचारणाऱ्या एका गरीब माणसाला. आणि खाली लोकांनी धडाधड अंगठे उठवले.

मीही असेच एकदा पैसे टाकले होते. विसरता काही आलं नाही. झिंक प्लेटिंगच्या (जस्ताचा मुलामा देण्याच्या) आधीची पिकलिंगची, म्हणजे ॲसिडने गंज काढायची टाकी, आत हायड्रोक्लोरिक ॲसिड. बास्केट ३१६ची, म्हणून आम्ही निर्धास्त. चार महिन्यांत तळाच्या तारा सुईसारख्या झाल्या आणि एका सकाळी तळ सुटून चाळीस किलो बुश टाकीच्या बुडाला गेले. ते काढायला अख्खी टाकी उपसली. ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या पाण्याशी झुंजायला. हायड्रोक्लोरिक ३०४ला खातं तसंच ३१६लाही खातं, आपलं बिल तेवढं मोठं येतं. आता तिथे पॉलिप्रॉपिलीनची बास्केट आहे. दिसायला भाजीच्या क्रेटसारखी, पण टिकली.

टाकीत काय आहे, किती गरम आहे, भरलेली बास्केट उचलणार कोण, हे आधी विचारा हो. मटेरियलचं मग बघू.

वाकड_ते_चाकण
तो पुण्याचा भाऊ मीच. पिकलिंगबद्दल मी बोललोच नव्हतो. ‘कुठलीही’ हा शब्द ओघात गेला, त्यावर एवढा निबंध?

आणि गावठी का म्हटलं तेही ऐका. जळगावात एकाकडून ३०४ म्हणून सहा बास्केट करून घेतल्या. घरी आणून लोहचुंबक लावला, चिकटला! वर दोन महिन्यांत वेल्डिंगपाशी लाल डाग. याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं?

आर्गनवाला_अजिंठारोड
आला लोहचुंबक! अठरा वर्षं हाच लोहचुंबक माझ्या डोक्यात मारतात लोक.

साहेब, तार ही डायमधून ओढून ओढून बारीक करतात. तेवढ्या ताणाने ३०४ थोडी चुंबकाला लागतेच. तीच तार लालभडक तापवून पाण्यात विझवा आणि मग लोहचुंबक लावून बघा. उलट २०० सिरीजचा, निकेल मारून मँगनीज भरलेला पत्रा तुमच्या लोहचुंबकाला हूं की चूं करणार नाही आणि तुम्ही तो ३०४ म्हणून खुशाल घेऊन जाल. भांड्याच्या दुकानातली परीक्षा जाळीला लावायची आणि वर आम्हाला चोर म्हणायचं!

वाकड_ते_चाकण
चोर हा शब्द तुम्ही काढलात, मी नाही.

आर्गनवाला_अजिंठारोड
‘फसवणूक’ म्हणजे काय आरती ओवाळली का?

अवधानचा_सुपरवायझर
भाऊ, तुन्हं बराबर शे. पन त्या लाल डाग कसाना शेत?

जुनी_क्वालिटीवाली
मी सांगते, आणि हे आर्गनवाल्या भाऊंना आवडणार नाही. ज्या ग्राइंडरच्या चाकाने सकाळी लोखंडी गेट घासलं, त्याच चाकाने दुपारी एसएसचा वेल्ड घासतात. तारेचा ब्रशही तोच. लोखंडाचे कण एसएसमध्ये रुततात आणि गंजतात ते कण. वर वेल्डजवळचा निळा-काळा थर तसाच सोडलेला असतो, तिथून पुढे खड्डे पडायला सुरुवात. म्हणजे माल खरा ३०४, डागही खरा, आणि लोहचुंबक बिचारा उगाच साक्षीदार.

खात्रीच करायची तर मटेरियलचं सर्टिफिकेट आणि त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या त्या घाण्याचा क्रमांक) मागा. स्पेक्ट्रोची गन (धातूत काय काय आहे ते दाखवणारं यंत्र) मिळत असेल तर उत्तमच. मॉलिब्डेनम तपासायचे थेंब टाकून ३१६ आहे की नाही एवढंच कळतं. ३०४ आणि २०० सिरीजच्या २०२मधला फरक त्याने कळत नाही, त्याला मँगनीजची चाचणी वेगळी.

पण हे मी कुणाला सांगतेय? आमच्या परचेसला तीन कोटेशन आणि सगळ्यात खालचा आकडा एवढंच दिसायचं. ड्रॉइंगवर मी ‘वेल्ड पिकल करून पासिव्हेट करणे’ (म्हणजे काळा थर ॲसिडने काढून गंजरोधक थर पुन्हा धरू देणे) लिहायची आणि पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, टाइप होताना ती ओळ नेमकी गळायची. एकदा नाही, चार वेळा. पाचव्यांदा लाल पेनाने लिहिली, तर म्हणाले, मॅडम, लाल रंग झेरॉक्सला येत नाही.

आर्गनवाला_अजिंठारोड
ताई, चाकाचं मान्य. दोन वर्षं झाली, एसएसची चाकं वेगळ्या डब्यात ठेवतो, डब्याला कुलूप. पण पिकलिंगची पेस्ट लावायचे पैसे लावले की गिऱ्हाईक समोरच्या शेडमध्ये जातं, आणि गंजली की पुन्हा माझ्याच दारात येतं.

दीपनगरकडचा_रिटायर्ड
तुम्ही सगळे पाण्यात खेळताय, भट्टीचं कुणी बोलेना. आयुष्य हीट ट्रीटमेंटमध्ये गेलं माझं. कार्बुरायझिंग, म्हणजे जॉबच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणं, ९२० अंशांवर. तिथे ३०४ची बास्केट टाकली की काही फेऱ्यांत पोट सुटलेल्या माणसासारखी खाली लोंबते. कार्बन जॉबमध्ये शिरतो तसा जाळीतही शिरतो, मग तार बिस्किटासारखी तुटते. तिथे उष्णता सोसणारी ३१०, नाहीतर ३५ टक्के निकेलची ३३०. पुण्याचे भाऊ ज्या ३१६चं कौतुक करतात तिचं मॉलिब्डेनम भट्टीत काडीचं कामाचं नाही.

दुसरं, सगळीकडून घट्ट वेल्ड मारून ‘मजबूत’ बास्केट करतात. अहो, ६०० मिमीची बास्केट ९०० अंशांना जवळपास १० मिमी वाढते. तिला हलायला जागा ठेवली नाही तर ती वेल्ड फोडून जागा करून घेते. वर लालबुंद असतानाच क्वेंच ऑइलमध्ये (जॉब झटकन थंड करायच्या तेलात) बुडवता!

एकदा रात्रपाळीला पोरांनी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाळी ढकलली भट्टीत. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. पांढरा धूर झाला आणि दोघं रात्रभर थंडी वाजून तापाने फणफणले. डॉक्टरांना मलेरिया वाटला.

अवधानचा_सुपरवायझर
जीआय कॉस्टिक सोड्यात पण टाकू नका. आमच्याकडे डिग्रीसिंगच्या (तेल-ग्रीस काढायच्या) गरम टाकीत टाकली, तर जस्त उतरून जाळी काळी आणि टाकी फसफसली.

वजनाचंही कुणीतरी बोला. साहेब लोक ८ गेजची तार सांगतात, म्हणजे ४ मिमीची. रिकामी बास्केटच दोन माणसांना जड. आमची चेन पुली वर्षातून सहा महिने ‘रिपेरला’. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर ४५ अंश, वाफा मारणाऱ्या टाकीतून ती हाताने उचलून बघा. नंतर मजबुतीवर बोलू. कडा आणि कोपरे जाड ठेवा, पोटातली जाळी बारीक चालते. आणि हँडलला पाईप चढवा, बोटं कापतात.

वाकड_ते_चाकण
बरं, लोहचुंबक मागे घेतो. भट्टीतून ३१६ही मागे घेतो. पण टाकीवाल्यांनी सांगावं, गरम रिन्सच्या (जॉब खळबळून घ्यायच्या) टाकीत पाणी कुठलं घालता? बोअरचंच ना?

टाकीवाला_जळगाव
बोअरचंच. गिझरची कॉइल वर्षात पांढरी होते असलं पाणी. उन्हाळ्यात टाकी रोज चार बोटं उडते, वरून पुन्हा तेच ओततो. पाणी जातं, क्षार राहतात, मेअखेर टाकीत नुसती मिठागराची आमटी. तिथे ३०४ला बारीक खड्डे पडले होते, खोटं कशाला बोलू. घ्या, तुमचं ३१६ एका टाकीत बसलं. नारळ फोडू का?

वाकड_ते_चाकण
फोडा. आणि खोबरं कुरिअर करा.

जुनी_क्वालिटीवाली
त्यापेक्षा टाकी दर आठवड्याला उपसा. नाहीतर शेवटच्या रिन्सला आरओचं पाणी घ्या. पाणी बदलणं कुणाच्याच डोक्यात येत नाही, जाळी बदलायला निघतात.

पिनावाला
नमस्कार. ६ मिमीच्या पिनांचं मीच विचारलं होतं. लांबी २५ मिमी. बाकी सगळं वाचलं, भोक केवढं ते अजून कुणी सांगितलं नाही.

आर्गनवाला_अजिंठारोड
४ मिमी. ८ मिमीची घेऊ नका, पिन लांब आहे म्हणून अडकेल असं वाटतं, पण ती उभी होऊन निघते. आणि अर्धीच भरा, काठोकाठ भरली तर मधल्या पिना कोरड्याच राहतात.

जुनी_क्वालिटीवाली
अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी धुणारी टाकी) असेल तर जाळी फार बारीक नको, लहरी जाळीच खाऊन टाकते. आणि बास्केट टाकीच्या तळाला टेकवू नका, टांगून ठेवा. टाकीत केमिकल कुठलं आहे?

पिनावाला
केमिकल नाही. रॉकेल. प्लास्टिकच्या टबात.

दीपनगरकडचा_रिटायर्ड
रॉकेल!

टाकीवाला_जळगाव
अहो, मग साध्या एमएसच्या, म्हणजे लोखंडाच्या जाळीलाही काही झालं नसतं. आधी सांगायचं ना!

पिनावाला
तुम्ही वर लिहिलंत ‘टाकीत काय आहे ते विचारा’. ताईंच्या आधी विचारलं कुणी?

आर्गनवाला_अजिंठारोड
उद्या दुपारी मूठभर पिना घेऊन शेडवर या. जाळीचे तुकडे पडलेत, ओतून बघू कुठली धरते ते. लोहचुंबक घरी ठेवून या.