उंदराच्या एल पेशींत मानवी डीआर दिसतच नाही

प्रश्न: एल पेशींत (प्रयोगशाळेत वाढवतात त्या उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी) एचएलए-डीआरच्या (अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचं, पेशीच्या पृष्ठभागावरचं मानवी प्रतिकार-प्रथिन) बीटा साखळीचा जीन घातला. जी४१८ (सोबतचा प्रतिरोध-जीन नसलेल्या पेशी मारणारं औषध) मध्ये वसाहती टिकल्या, आरएनएही सापडला. पण फ्लो सायटोमीटरवर (पेशींवरची चमक मोजणारं यंत्र) डीआर ओळखणाऱ्या एल२४३ प्रतिपिंडाने काहीच उजळत नाही. तीनदा केलं, डोकं फिरलंय.

उत्तर १: अल्फा घातलात का? एकटी बीटा पृष्ठभागावर येत नाही, पेशीच्या आतल्या पटलांच्या जाळ्यातच (ईआर) अडकते. एल पेशी स्वतःचे वर्ग-२ रेणू (डीआर याच गटातला) बनवत नाहीत, म्हणजे उंदराची अल्फाही उसनी मिळायची नाही. माझे यातच दोन महिने गेले (आरएनए दिसला की आपण उगाच खूश होतो).

उत्तर २: शिवाय एल२४३ जुळलेली जोडीच ओळखतं, सुटी बीटा नाही.

प्रश्नकर्ता: अल्फा नव्हतीच! दोन्ही एकत्र घालतो.

उत्तर १: अल्फाला वेगळा निवड-जीन (जी४१८ऐवजी दुसऱ्या औषधात पेशी टिकवणारा) ठेवा.