हस्तात उगवतीला वीज लवायलीय. पाऊस आपल्याकडं येणार की तिकडंच राहणार, हे कसं ओळखायचं?

माळवदावरून (केज)

राम राम मंडळी. घर जुनं आहे, माळवदाचं. वर चढलं की उगवतीला अंबाजोगाईच्या डोंगरापर्यंत मोकळं दिसतं. उत्तरा सरून हस्त लागला की रोज दिवेलागणीला त्या अंगाला वीज लवायला सुरुवात होते. आवाज काहीच नाही, नुसता उजेड. ढगाच्या पोटात पेटल्यागत होतं, त्याची कडा दिसते आणि परत अंधार. कधी जेवणं उरकून अंथरुणं टाकली तरी चालूच असतं.

यातली काही आभाळं आमच्यावर येतात आणि तासाभरात नाल्याला पाणी आणतात. काही तिकडल्या तिकडं विरून जातात. मोबाईलवर बीड जिल्ह्याचा पिवळा इशारा असतो, पण जिल्हा केवढा मोठा, आष्टीपासून परळीपर्यंत! आमची सोयाबीन कापून बनीम (गंजी) लावून ठेवलीय, राशीला मशीन मिळंना. म्हणून विचारतो, वर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी काही कळतं का?

दुसरं असं, बहीण रत्नागिरीला दिलीय. दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहे. समुद्रावरच्या विजा बघायची लहानपणापासून हौस आहे. तोवर तिकडं काही शिल्लक असतं का?

---

आभाळनोंद (औसा)

कळतं, आणि पुष्कळ कळतं. मी नोकरीत असताना रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून कळवायचो. ते काम सुटलं, आभाळ बघायची सवय सुटली नाही. सविस्तर सांगतो.

जून ते ऑगस्ट आपण मावळतीकडं बघतो. परतीच्या पावसात तोंड उगवतीकडं करायचं. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन करतो. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या वेळापत्रकात राजस्थानच्या पश्चिमेकडून मोसमी पाऊस परतायची सरासरी तारीखही तीच आहे. आपल्याकडून तो जायला ऑक्टोबर उजाडतो. मधल्या दिवसांत खालचं वारं बंगालच्या उपसागराकडून तेलंगणावरून दमट होऊन येतं, जमिनीत पावसाळ्याची ओल असते आणि डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन. सकाळी आभाळ धुतल्यागत निळं, दुपारी दोनला अंगाची काहिली, आणि तीन-चारला ढग चढायला लागले की समजायचं, आज काहीतरी आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं मूळ. तुम्हाला डोंगरापलीकडं जो ढग दिसतो, तो बहुतेक वेळा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. अशा एकट्या गर्जणाऱ्या ढगाचं आयुष्य अर्ध्या तासापासून तासभराचं. चाल ताशी २०-३० किलोमीटर. ऐंशी किलोमीटरवरचा ढग वाटेतच संपतो. तुमच्याकडं येतं ते त्याचं गार वारं. ढगातून धारा कोसळताना थंड हवा जमिनीवर आपटते, चारी अंगांना पसरते, पुढच्या गरम दमट हवेखाली शिरते आणि तिला वर ढकलते. तिथं नवा ढग उभा राहतो. तो पडला की त्याचं वारं पुढं. अशी साखळी लागली तर लातूर-रेणापूरकडं दुपारी चारला सुरू झालेलं आभाळ रात्री आठला केजवर असतं. साखळी तुटली की ते तिकडंच विरतं.

म्हणून मोठ्या ढगाकडं बघत बसू नका, त्याच्या तुमच्या बाजूच्या पायथ्याकडं बघा. तिथं नवे ढग फुटायलेत का? त्यांचा माथा फुलकोबीच्या गड्ड्यासारखा गच्च, कडा चाकूनं कापल्यासारख्या ठसठशीत असतील तर ते अजून वाढायलेत. कडा मऊ पडल्या, केसाळ झाल्या, माथा ऐरणीसारखा आडवा पसरला आणि पायथ्याशी नवं काहीच नाही, तर त्या दिवशीचा खेळ उतरणीला लागला. माथा ज्या दिशेनं पसरतो तिकडंच पाऊस जाणार असं मात्र धरू नका. वरचं वारं आणि मधलं वारं या दिवसांत वेगळं वागतं.

अंतरासाठी हात पुरतो. हात सरळ लांब करून मूठ धरा, खालची कड क्षितिजाला टेकवा. एका मुठीची उंची साधारण १० अंश. आपल्याकडचे पुरते वाढलेले ढग १२ ते १५ किलोमीटर उंच जातात. त्यांचा माथा मुठीच्या वरच्या कडेला लागला तर ढग ७०-८० किलोमीटरवर आहे. अर्ध्या मुठीइतका असेल तर सव्वाशेच्या पुढं, म्हणजे तुमच्या माळवदावरून थेट नांदेडच्या बाजूला. रात्री तुम्हाला जो बिनआवाजाचा उजेड दिसतो तो एवढ्या लांबचाही असू शकतो. गडगडाट १५-२० किलोमीटरच्या पलीकडून सहसा ऐकूच येत नाही. एकदा ऐकू यायला लागला की वीज दिसल्यापासून सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंद भरले तर १० किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरावरचा ढग तुमच्या डोक्यावरही वीज टाकू शकतो. तेव्हा माळवद सोडायचं. यात हयगय नको.

मोबाईलचं म्हणाल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप घ्या. आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात आणि गेल्या काही मिनिटांत वीज कुठं पडली ते कळतं. वर्तुळातले ठिपके दर पाच मिनिटांनी तुमच्या बाजूला सरकायलेत का, एवढं बघितलं तरी पुरे. हवामान खात्याच्या मुंबईतल्या कुलाबा केंद्राचा तीन तासांचा तातडीचा इशाराही बघत जा, तो जिल्ह्याच्या दिवसभराच्या इशाऱ्यापेक्षा नेमका असतो. हैदराबादच्या रडारचं चित्र मी बघतो, पण बेतानं. तिथून लातूर-नांदेड सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पृथ्वी गोल असल्यानं रडारचा किरण आपल्यापर्यंत येईतो जमिनीपासून पाच किलोमीटर उंच गेलेला असतो. ढगाचं डोकं दिसतं, पायाखालचं वारं दिसत नाही. आणि आपल्याला तर नेमकं तेच हवं असतं.

आणखी एक. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र असेल तर वरचे आडाखे बाजूला ठेवा. ऑक्टोबर २०२० मध्ये १३ तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेली कमी दाबाची खोल प्रणाली तेलंगणा ओलांडून थेट आपल्याकडं आली, सोलापूर-उस्मानाबादला (आताचं धाराशिव) झोडपून पुढं अरबी समुद्रात उतरली. तो पाऊस दुपारच्या तापण्यावर अवलंबून नव्हता, रात्रभर पडत राहिला. अशा वेळी बनीम उघडी ठेवायची नाही. ताडपत्री वरून टाकून भागत नाही, बुडाशी चर काढा. सोयाबीनला कोंब फुटतात ते खालच्या पाण्यानं.

रत्नागिरीचं तिकडच्या माणसानं सांगावं.

---

खाडीकाठ (रत्नागिरी, मूळ उदगीर)

मी सांगतो. नोकरीनिमित्त इकडं आलो तेव्हा आपल्या सवयीनं मीही आधी उगवतीकडंच बघितलं, आणि ते इथंही लागू पडलं. लोकांना वाटतं कोकणातलं आभाळ नेहमी समुद्रातून येतं. ऑक्टोबरात ते सह्याद्रीवरून खाली उतरतं.

दुपारी खारं वारं समुद्राकडून आत येतं, घाटाच्या पायथ्याशी पूर्वेच्या वाऱ्याला भिडतं, आणि डोंगर त्याला वर चढवायला असतोच. दोन-तीनला संगमेश्वर, लांजा या अंगाला ढग उभे राहतात. किनाऱ्यावर तेव्हा लख्ख ऊन असतं, पर्यटक वाळूत खेळत असतात. संध्याकाळी पूर्वेचं वारं जोर धरतं आणि सगळं आभाळ किनाऱ्याकडं सरकतं. आधी गार झोत येतो, माडाच्या झावळ्या एकदम उलट्या होतात, मग पाऊस. रात्री तेच ढग पाण्यावर जातात आणि तुम्हाला हवं ते दृश्य तेव्हा मिळतं. सूर्यास्तापर्यंत समुद्राकडं पाठ, जेवणानंतर समुद्राकडं तोंड.

मुंबईतून मोसमी पाऊस जायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, इथून थोडी उशिरा. तो गेला तरी चित्रात, स्वातीत अशी आभाळं येतात. ऑक्टोबरात सुट्टी असेल तर संधी चांगली. दिवाळी नोव्हेंबरात गेली आणि उत्तरेचं कोरडं वारं सुटलं असेल तर आशा कमी. निघण्याआधी तीन-चार दिवस दवबिंदू बघा, म्हणजे हवेत दमटपणा किती ते सांगणारं तापमान. किनाऱ्यावर तो २४ अंशांच्या आसपास टिकून असेल तर या, विशीखाली घसरला असेल तर बहिणीला भेटायला या.

बघायला पुळणीवर उभं राहायचं नाही. सपाट वाळूवर तुम्हीच सगळ्यात उंच असता. बंद गाडीत बसा, काचा वर. कॅमेरा असेल तर तिपाईवर ठेवून शटर १५-२० सेकंद उघडं ठेवा, एकामागून एक फोटो काढत राहा. वीज बघून बटण दाबायला गेलात तर हाती काही लागत नाही. आणि एक बघाच: इथं याच दिवसांत भात कापून शेतात आडवं पडलेलं असतं. आपल्या सोयाबीनवाल्याच्या पोटात जो गोळा येतो तोच इथल्या भातवाल्याच्या पोटात येतो.

---

पांढरीची माती (जिंतूर)

औशाचे काका, तुम्ही माळवद सोडायचं सांगितलंत. शेतात काय सोडायचं ते पण सांगा. आमच्याकडं कापणीला बाया येतात, त्यांची उचल ठरलेली असते, एवढी पात झाली की निघू म्हणतात. आभाळ आलं की सगळ्या लिंबाखाली. मागच्या हंगामात आमच्याच शिवारात लिंबाला बांधलेली बैलजोडी गेली. झाडाचं साल वरपासून खालपर्यंत पट्टीनं सोललेलं, बैलांच्या अंगावर मात्र खरचटलेलंसुद्धा नाही. ज्याची जोडी होती त्यानं पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली. तेव्हापासून मला त्या झाडाकडं बघवत नाही. आखाड्यावर आमचं पत्र्याचं शेड आहे, तीन बाजू उघडी. तिथं चालतं का?

---

आभाळनोंद (औसा)

ताई, उघड्या शेडचा भरवसा नाही. ते पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही. बैल गेले ते बहुधा झाडातून जमिनीत उतरलेल्या विजेनं. ती जमिनीतून पसरते, आणि जनावराचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यानं एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्या पायात जाते. अंगावर खूण नसते ती त्यामुळं.

पहिला गडगडाट कानावर पडला की काम थांबवायचं, पात अर्धी असली तरी. हे सकाळी कामाला लागतानाच बायांना सांगून ठेवा आणि उचल कापायची नाही हेही सांगा, नाहीतर त्या थांबणार नाहीत. पक्क्या भिंतींच्या घरात जायचं, नाहीतर बंद टपाच्या जीपमध्ये. ट्रॅक्टर, मोटारसायकल चालत नाही. विहिरीवरच्या स्टार्टरला, तारेच्या कुंपणाला हात लावायचा नाही. काहीच जवळ नसेल तर झाडापासून लांब, एकमेकींपासूनही अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसायचं. आडवं पडायचं नाही. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्यावरच परत शेतात.

आणि कुणाला लागलीच वीज, तर लोक हात लावायला भितात. त्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर तिथंच छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. हे तुमच्या गटातल्या दोघी-तिघींना शिकवून ठेवा, आरोग्य केंद्रात दाखवतात.

---

माळवदावरून (केज)

काका, ताई, खाडीकाठवाले दादा, सगळ्यांचे आभार. आज करून बघितलं. पावणेपाचला अंबाजोगाईच्या थोडं उजवीकडं माथा मुठीच्या वर गेला. सव्वापाचला त्याच्या अलीकडं दोन नवे, कडा ठसठशीत. सहाला वारं फिरलं, एकदम गार, धुळीचा वास. सहा-वीसला पहिला आवाज, मोजला तर चाळीस सेकंद. ताडपत्री आवळून आत आलो. सातला पाऊस लागला, पाऊण तास. बनीम कोरडी आहे. चर उद्या काढतो. नोंद ठेवायची तर काय काय लिहायचं?

---

आभाळनोंद (औसा)

आत्ता लिहिलंत तेच. वेळ, दिशा, मुठी, वारं फिरल्याची वेळ, पहिला आवाज, पाऊस लागला-थांबला. जोडीला एक पर्जन्यमापक घ्या, मोकळ्या जागी ठेवा, भिंतीच्या आडोशाला नको, आणि सकाळी साडेआठलाच मोजा म्हणजे सरकारी आकड्याशी ताडून बघता येईल. न आलेल्या आभाळाचीही नोंद ठेवा, ती जास्त कामाची. आज औशाला साडेतीनलाच सुरू झालं होतं, २२ मिलिमीटर पडलं. तुमचं तिथलं किती ते उद्या सकाळी कळवा.