लॅटिन हेक्झामीटर मुलांना कसा शिकवावा?

म्युनिककर_आई
मुलगी इथे गिम्नाझियममध्ये (जर्मन माध्यमिक शाळेत) दहावीत आहे, लॅटिन घेतलंय. ओव्हिड या रोमन कवीचं 'मेटामॉर्फोसेस' सुरू झालंय, ते हेक्झामीटर नावाच्या वृत्तात आहे, आणि ओळींवर लघु-गुरूच्या खुणा करून न्यायच्या असतात. पहिलीच ओळ: 'इन नोवा फेर्त आनिमुस मुतातास दिकेरे फोर्मास'. नियम घडाघडा म्हणते, ओळ समोर आली की अंदाजपंचे! शनिवारी तिच्या दोन मैत्रिणीही येऊन बसतात, म्हणजे माझी शिकवणीच झाली. मला लॅटिन येत नाही, शाळेतलं गण ओळखायचं सूत्र, यमाताराजभानसलगा, तेवढं आठवतं. त्याचा काही उपयोग?

जुना_मास्तर
आहे की! फक्त भुजंगप्रयाताच्या वाटेने जाऊ नका, तिथे जागच्या जागी लघु-गुरू ठरलेले. हेक्झामीटर जातीने मात्रावृत्ताच्या जवळचा: चार-चार मात्रांचे (लघूची एक, गुरूच्या दोन) सहा गण. गणाची रूपं दोनच (ऽ म्हणजे गुरू, । म्हणजे लघु): ऽ।। म्हणजे आपला भगण (ते डॅक्टिल म्हणतात) किंवा ऽऽ, म्हणजे स्पॉन्डी. पहिल्या चार जागी दोन्हींतलं कुठलंही, पाचवा बहुतेक भगणच, सहाव्यात दोन अक्षरं. शेवटचं लघु असलं तरी गुरू धरायचं, हे आपल्याकडेही आहेच.

म्हणून खुणा शेवटाकडून करायला लावा. 'दिकेरे फोर्मास': ऽ।। ऽऽ. पाच अक्षरांचा निकाल लागला, आता उरलेल्या चार गणांशी झटायचं.

पण त्याही आधी कान. दोधक वृत्त आठवतं? भ भ भ ग ग, म्हणजे तीन भगण आणि दोन गुरू. सुरुवातीला आणखी दोन भगण जोडा, की व्हर्जिल या रोमन कवीची घोड्यांच्या टापांची ओळ: 'क्वाद्रुपेदान्ते पुत्रेम सोनितू क्वातित उंगुला काम्पुम'. टाळ्या वाजवत म्हणवून घ्या. लगेच त्याचीच एकडोळ्या राक्षसाची ओळ द्या, 'मोन्स्त्रुम होर्रेन्दुम इन्फोर्मे इंगेन्स...', तिथे पहिले चारही गण ऽऽ. पोरींना फरक ऐकूनच कळेल. नियमांची यादी नंतर.

रोमन_कट्टा
मास्तर, क्रम एकदम पटला. पण ताई, देवनागरी घात करेल. आपले ए-ओ कायम गुरू, लॅटिनमध्ये ते ऱ्हस्वही असतात. 'नोवा' बघून कुणीही ऽऽ म्हणेल, तिथे आहे ।।. खुणा रोमन लिपीवरच करा. आणि दीर्घ स्वरावर आडवी रेघ देणारा कोश घेऊन शब्द पाठ करतानाच लांबी पाठ करायची.

राक्षसाच्या ओळीत आणखी एक गोम आहे. शब्दाअंती स्वर किंवा 'उम'सारखा स्वर आणि 'म' असेल आणि पुढे स्वर आला, तर मागचा गिळला जातो. 'ह' हिशेबात नाही. म्हणजे मोन्स्त्र्‌-होर्रेन्द्‌-इन्फोर्म्‌-इंगेन्स. हे आधी सांगितलं नाही, तर अक्षरं मोजून रडकुंडीला येतील.

जोडाक्षराचंही बघा. 'तुझ्या'त आघात नाही म्हणून आपण 'तु' लघु धरतो. लॅटिनमध्ये प, त, क, ब, द, ग यांच्यापुढे र किंवा ल आला, तर मागच्या ऱ्हस्व स्वराचं काय करायचं ही बहुधा कवीची मर्जी. टापांच्याच ओळीत 'क्वाद्रु'तला 'क्वा' गुरू, 'पुत्रेम'मधला 'पु' मात्र लघु!

म्युनिककर_आई
टाळ्यांनी शेजारी वैतागले, पण ओळ बसली. एक शंका: लेक म्हणते 'आनिमुस'चा आघात 'आ'वर, आणि टाळी पडते 'मुस'वर. मग म्हणायचं कसं?

जुना_मास्तर
टाळी गणाच्या पहिल्या गुरूवर पडते, बोलण्यातला आघात शब्दाचा असतो. दोन्ही दर वेळी जुळतातच असं नाही. ओळीच्या शेवटच्या दोन गणांत बहुधा जुळतात. चाल बसेपर्यंत टाळ्या असू द्या. मग बंद करा, आणि नेहमीच्या आघाताने, फक्त लांबी सांभाळून वाचायला सांगा. पंडितांचे यावर वाद आहेत, दहावीच्या पोरींना त्यात ओढू नका.