‘आहेर’ला जपानात काय म्हणायचं?

मी मूळचा गुहागरचा, नोकरीमुळे सध्या योकोहामात. मागच्या महिन्यात इथल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला गेलो होतो. लग्नात पैशाचं जे पाकीट देतात त्याला जपानीत ‘गोशूगी’ म्हणतात. फोनवर आईला सांगताना आधी ‘भेट’ म्हटलं, मग ‘नजराणा’. दोन्ही शब्द माझे मलाच पटेनात. शेवटी ‘आहेर’ म्हटलं, तर तिनं लगेच विचारलं, “मग परत आहेर काय केला त्यांनी?”

केला होता की! निघताना प्रत्येक पाहुण्याला एकेक पिशवी मिळाली. तिला ‘हिकिदेमोनो’ म्हणतात. माझ्या पिशवीत चिनी मातीचे दोन वाडगे होते आणि झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असलेला बाउमकुखन नावाचा केक.

मित्राच्या लग्नात साधारण ३०,००० येन घालतात. म्हणजे दहा हजारांच्या तीन नोटा. नोटांचा आकडा विषम हवा, कारण सम आकड्याचे दोन सारखे भाग पडतात. आपला १०१ किंवा ५०१ मधला वरचा रुपया मला याच जातीचा वाटतो. आई म्हणते, शून्यावर हिशेब मिटतो, वरच्या रुपयानं तो पुढे चालू राहतो. नोटाही कोऱ्या करकरीत लागतात. दुःखाच्या पाकिटात मात्र कोऱ्या नोटा टाळतात, नाहीतर मरणाची आधीच तयारी करून ठेवल्यासारखं दिसतं.

पाकिटावर कागदी दोरीची गाठ असते. मी दुकानात एक सुंदर फुलगाठीचं पाकीट उचललं होतं. दुकानातल्या बाईंनी विचारलं, कशासाठी? लग्नासाठी म्हटल्यावर त्यांनी ते हळूच काढून घेतलं आणि दुसरं दिलं. फुलगाठ ओढली की सुटते, पुन्हा बांधता येते, म्हणून ती बाळाच्या जन्माला. लग्नाला न सुटणारी, ‘मुसुबिकिरी’.

तर ‘गोशूगी’ला ‘आहेर’ म्हणणं बरोबर वाटतं का?

प्रतिसाद

माझ्या मते अगदी बरोबर. क्रियापद बघा: भेट ‘देतात’, आहेर ‘करतात’, मानपान ‘करतात’. केळवणही ‘करतात’. करण्यात समोरच्याशी असलेलं नातं येतं. आमच्याकडे रत्नागिरीत लग्न ठरलं की आधी जुनी आहेराची वही निघते. ‘त्यांनी थोरलीला खण आणि तांब्या केला होता’ असं वाचून मग आपलं ठरतं. ‘घरचा आहेर’ टोमण्यात वापरतात, तोही याच अर्थावर उभा आहे: जे सोयऱ्यांकडून यायचं, ते घरच्यांनीच दिलं.

फक्त एक लक्षात घ्या. आपला शब्द लग्नापुरता नाही. तेराव्याला सोयरे कपडे आणतात, तोही दुखवट्याचा आहेरच. जपानीत दोन्हींना एकच शब्द आहे का?

मूळ लेखक

नाही, दुःखाच्या पाकिटाला ‘कोदेन’ म्हणतात. पण तुमचा प्रतिसाद वाचून ती पाकिटं मुद्दाम जाऊन पाहिली. गाठ तीच, न सुटणारी. लग्नाला लाल-पांढरी किंवा सोनेरी-रुपेरी, इथे काळी-पांढरी. दोन्हींचा भाव एकच, हे पुन्हा घडू नये. तेव्हा ‘लग्नाचा आहेर’ आणि ‘दुखवट्याचा आहेर’ असंच लिहीन म्हणतो.

आईला हे कळवलं. तिनं वाडग्यांचा फोटो मागितलाय, वहीत नोंद करायला.