चष्म्यातला आय-ट्रॅकर ब्लेंडरमध्ये: निकाल संशय यावा इतका चांगला येतोय

फोटॉनवेडी
एमटेकचा प्रकल्प: नजर कुठे वळली ते ओळखणारा चष्मा, म्हणजे आय-ट्रॅकर. कॅमेरा नाही, चष्म्याच्या फ्रेमवर इन्फ्रारेड एलईडी आणि चार फोटोडायोड (प्रकाश मोजणारे सेन्सर). डोळ्याचा पांढरा भाग बुबुळापेक्षा जास्त प्रकाश परत फेकतो, म्हणून नजर फिरली की डायोडवरचा प्रकाश बदलतो. हार्डवेअरआधी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये डोळा फिरवून चित्रं रेंडर केली (तयार करून घेतली) आणि प्रत्येक डायोडसाठी चित्रातल्या एका चौकोनाची सरासरी घेतली. त्या आकड्यांवरून नजर ओळखायला शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कची चूक अर्ध्या अंशाच्या आत! गाईड म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय. कुठे शोधू?

वाकडा_चष्मा
गाईड बरोबर आहेत. फ्रेम हलवून पाहिलीत का? नेत्रगोलाचा व्यास साधारण २४ मिमी, म्हणजे डोळा १ अंश फिरला की पृष्ठभाग जेमतेम ०.२ मिमी सरकतो. माणूस नुसता हसला, गाल वर आले, तरी चष्मा त्याहून जास्त हलतो. डायोडला यातला फरक कळणार कसा? त्याच्या हाती एकच आकडा.

नुसता चौकोन सरकवून भागणार नाही, कारण फ्रेमबरोबर एलईडीही सरकतो आणि उजेडच बदलतो. ब्लेंडरमधला कॅमेरा आणि दिवे एकत्र हलवून पुन्हा रेंडर करा. वेळखाऊ आहे, पण खऱ्या चेहऱ्यावर चष्मा नेमका किती घसरला हे मोजणं महाकर्मकठीण. सिम्युलेशन करायचं ते यासाठीच, नाहीतर थेट सोल्डरिंगला बसलेलं बरं.

आणि चित्रं पीएनजीत साठवत असाल तर ब्लेंडर त्यांवर दिसायला छान असा टोन चढवतो. अशा पिक्सेलची सरासरी म्हणजे प्रकाशाची सरासरी नव्हे. ओपनईएक्सआरमध्ये साठवा, त्या फाइलमध्ये प्रकाशाचे मूळ आकडे राहतात.

पापणी_लवते
चाचणीची चित्रं वेगळ्या डोळ्याची आहेत ना? एकाच मॉडेलची लागोपाठची चित्रं शिकवणी आणि चाचणी अशी दोन्हीकडे विखुरली तर नेटवर्क पाठांतर करतं. पापण्याही अर्ध्या मिटवून बघा.

फोटॉनवेडी
डोळ्याची मॉडेल वेगळी ठेवली आहेत. घसरणीचं सांगा: नेटवर्कला सरकलेली चित्रंही शिकवली तर पुरेल?

वाकडा_चष्मा
थोडंफार. हिशेब मांडा: नजरेच्या दोन दिशा, फ्रेम सरकायच्या तीन. अज्ञातं पाच, आकडे चार. एका क्षणापुरतं हे सुटत नाही. डायोड वाढवा. आठ, बारा, सोळा घेऊन चूक कुठे स्थिरावते तो आलेख काढा. सिम्युलेशनमध्ये जादा डायोडला पैसे पडत नाहीत.