दारिद्र्य: दुर्दैव की हक्कभंग?

रिकामटेकडा:
परवा गप्पांत एक मित्र म्हणाला, "बोलण्याचं स्वातंत्र्य हा हक्क. पोटभर अन्न, डोक्यावर छप्पर या झाल्या इच्छा." तिथे मी गप्प बसलो. उत्तर घरी आल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे. म्हणून हा धागा.

१० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. बाजूने ४८ मतं, विरोधात शून्य, ८ तटस्थ. त्यात अभिव्यक्तीचं कलम १९वं आहे आणि अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांचं २५वं. दोन्ही एकाच कागदावर, आणि दोन्हींना 'हक्क' हाच शब्द. वाटणी नंतर झाली. शीतयुद्धाच्या ओढाताणीत १९६६ साली दोन वेगळे करार निघाले: एक नागरी-राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक-सामाजिक हक्कांचा. पहिल्या करारासोबत व्यक्तीला तक्रार करायची सोय त्याच वर्षी मंजूर झाली. दुसऱ्याला तीच सोय मिळायला २००८ उजाडलं आणि ती लागू झाली २०१३ मध्ये.

गंमत बघा. अमेरिकेने आर्थिक हक्कांच्या करारावर १९७७ मध्ये सही केली, मंजुरी आजतागायत नाही. चीनने नागरी हक्कांच्या करारावर १९९८ मध्ये सही केली, मंजुरी तिथेही नाही. ज्याला जे अडचणीचं, ते त्याने खुंटीला टांगलं.

माझं म्हणणं एवढंच की गरिबीला दुर्दैव म्हटलं की कुणाला जाब विचारता येत नाही.

खडूस:
असहमत. जाब विचारायला समोर कुणीतरी बांधील असावं लागतं. 'मला मारू नका' हा हक्क सगळं जग हातावर हात ठेवून पाळू शकतं. 'मला घर द्या' म्हटल्यावर कोण देणार, कुठून देणार?

दक्षिण आफ्रिकेचंच घ्या. घराचा हक्क थेट राज्यघटनेत लिहिलेला. आयरीन ग्रूटबूम आणि सुमारे नऊशे माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त मुलं, एका रिकाम्या जमिनीवर झोपड्या टाकून राहत होती. केप टाउनचा पावसाळी हिवाळा तोंडावर आलेला. जागा रिकामी करायच्या ठरल्या तारखेच्या एक दिवस आधीच बुलडोझर आला, सामानसुमान जाळलं गेलं. ही सगळी माणसं एका क्रीडांगणावर जाऊन राहिली. २००० मध्ये ग्रूटबूमबाई घटनात्मक न्यायालयात सरकारविरुद्ध जिंकल्या, जगभर त्या निकालाचं कौतुक झालं. २००८ मध्ये त्या वारल्या, तोवर पक्कं घर मिळालेलं नव्हतं. असला हक्क भिंतीवर फ्रेम करून लावायचा, दुसरं काय?

रिकामटेकडा:
@खडूस, उदाहरण बिनतोड आहे, पण अर्धवट सांगितलंत. प्रत्येकाला घर द्या, असं न्यायालय म्हणालंच नव्हतं. ज्यांना आज रात्री छप्पर नाही त्यांच्यासाठी सरकारच्या योजनेत काहीच नाही, म्हणून ती योजना घटनेला धरून नाही, असं म्हणालं. त्यानंतर २००४ मध्ये तातडीच्या निवाऱ्याची वेगळी योजना आली. ग्रूटबूमबाईंच्या वाट्याला घर आलं नाही हे लाजिरवाणंच.

आणि 'हातावर हात' हे काही पटलं नाही. मला कुणी मारू नये म्हणून पोलीस, कोर्ट, तुरुंग लागतात. मतदानालाही खर्च येतोच. तिथे पैसे कुठून आणायचे, असं कोणी विचारत नाही!

चष्मिस:
तुमचं कायद्याचं चालू द्या, मला शब्दांबद्दल बोलायचंय. मदत घेणाऱ्याला आपण म्हणतो 'लाभार्थी'. लाभ मागणारा! मतदाराला कधी 'मतलाभार्थी' म्हटलंय? मग मदत देताना फोटो निघतो. देणारा कॅमेऱ्याकडे बघत हसतो, घेणाऱ्याने पिशवी नीट दिसेल अशी धरायची. हक्काची वस्तू घेताना असा फोटो कोण काढू देईल?

मी काही दिवस लोकांचे अर्ज भरून द्यायचे. एका बाईंनी 'कायमचा पत्ता' या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "इथे काय लिहायचं?" निवाऱ्यासाठीचाच अर्ज होता तो! रकाना रिकामा ठेवला. अर्ज परत आला, कारण 'अपूर्ण'.

श्रीमंत देशांतही वेगळं नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास गावात उघड्यावर पांघरूण घेऊन झोपलं तर २९५ डॉलर दंड होता. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी गावाच्या बाजूने कौल दिला. ज्याच्याकडे खोलीभाड्याचे पैसे नाहीत तो हा दंड कसा भरणार, देव जाणे.

खडूस:
@चष्मिस, फोटोबद्दल शंभर टक्के सहमत. अर्जाचं वाचून तर काय बोलावं कळेना.

पण मूळ मुद्द्यावर येतो. चीनने चाळीसेक वर्षांत जवळपास ८० कोटी माणसं अतिगरिबीतून बाहेर काढली असं जागतिक बँकच सांगते. हक्कांची भाषा न बोलता. कारखाने निघाले, शेतकऱ्याला पीक विकायची मोकळीक मिळाली, पगार वाढले. भुकेल्याला ताट हवं, कलम नको.

रिकामटेकडा:
त्याच चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसं उपासमारीने मेली. खालून वर फुगवलेले पिकांचे आकडे जात होते, आणि 'लोक मरताहेत' असं छापायची कुठल्याही वर्तमानपत्राची टाप नव्हती. अमर्त्य सेन हेच सांगत आले आहेत की लोकशाही आणि मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या देशात दुष्काळाने मोठ्या संख्येने माणसं मरत नाहीत. म्हणजे ताट आणि कलम वेगळी काढताच येत नाहीत.

खडूस:
दुष्काळाचं मान्य. पण सेन यांनी पुढचंही लिहिलंय, ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. रोजची अर्धपोटी भूक, मुलांची खुंटलेली वाढ लोकशाहीतही वर्षानुवर्षं सुखाने नांदते. एकदम हजार माणसं मेली तर सरकार पडेल. रोज थोडी थोडी झिजली तर कुणाचं काय जातं? तिथे तुमचं १९वं कलमही आहे आणि २५वंही.

रिकामटेकडा:
याला आत्ता माझ्याकडे उत्तर नाही. बहुतेक रात्री सुचेल.

चष्मिस:
सुचेपर्यंत तो रकाना तरी अर्जातून काढायला सांगा कुणाला तरी.