पी-०४२०, चढावर गाडीचा दम जातो: कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बदलायचा की आधी दुसरं काही बघायचं? (बडोदा)

विश्वामित्रीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, बीएस-४. सिक्वेन्शियल सीएनजी किट नंतर बसवलेलं. १,१८,००० किमी झाले. रोज कारेलीबाग ते मकरपुरा जाऊन-येऊन, म्हणजे बहुतेक वेळ गर्दीत आणि गॅसवर.

लक्षणं: चेक इंजिन लाइट लागते, स्कॅनरवर पी-०४२० आणि मधूनमधून पी-०३०२ (दोन नंबर सिलिंडर नीट न पेटणं, म्हणजे मिसफायर). कोड पुसले की दोनशे किलोमीटरच्या आत परत. पावागडला माचीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमच्या वर इंजिन चढतच नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला गाडीखाली खडखड वाजतं. पेट्रोलवर चालवली की सडक्या अंड्यांसारखा वास. पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.८५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ३१० पीपीएम आलं, नापास.

गॅरेजवाले म्हणतात कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा, आतून फोडून पोकळ करून देतो, पिकअप लगेच परत येईल. दुसरे एक जण केमिकलने धुऊन देतो म्हणतात. मला तीन गोष्टी हव्यात: कॅट खरंच गेलाय हे सिद्ध कसं करायचं, धुऊन काही होतं का, आणि नवा घ्यायचा तर कंपनीचा की बाहेरचा?

पोळं-आणि-प्लॅटिनम

कोडचा अर्थ आधी नीट घ्या. पी-०४२० म्हणजे कॅटची काम करण्याची ताकद मर्यादेखाली गेली. कॅट चोंदला असं तो कोड सांगत नाही. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय, म्हणून दोन्ही वेगवेगळं तपासा. आणि पी-०३०२ ला दुय्यम समजू नका, तोच खरा गुन्हेगार असण्याची शक्यता मोठी आहे. कॅट आपोआप क्वचितच मरतो, त्याला कोणीतरी मारतं. मारणारा सापडायच्या आधी नवा बसवला तर तोही काही महिन्यांत जाईल.

कारण सोपं आहे. आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर अ‍ॅल्युमिना-सेरियाचा लेप आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. साधारण २५०-३०० अंशांना ती काम सुरू करते, चालताना ४०० ते ८०० अंशांत राहते. दोन नंबर सिलिंडर पेटला नाही की कोरं इंधन आणि हवा दोन्ही कॅटमध्ये जाऊन तिथे जळतात. ९००-१,००० च्या पुढे धातूचे बारीक कण एकमेकांत मिसळून गोळा होतात आणि कामाचं पृष्ठफळ घटतं. त्याहून वर सिरॅमिकच वितळून भोकं बंद होतात. चेक इंजिन लाइट नुसती लागणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकली की त्या क्षणी कॅट भाजला जातोय, पाय काढून घ्या.

चोंदलाय का, हे प्रेशर गेजने बॅक प्रेशर (एक्झॉस्टमध्ये साचलेला उलटा दाब) मोजून बघा. इंजिन कोमट असताना पुढच्या (कॅटच्या आधीच्या, इंजिनाकडच्या) ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांवर पेनेट्रेटिंग ऑइल मारा, वायरसाठी खाच असलेल्या २२ मिमी सॉकेटने सेन्सर काढा. आटे बहुतेक गाड्यांत एम१८ × १.५ असतात, तेवढा अ‍ॅडॅप्टर कोणत्याही लेथवाल्याकडे होतो. त्यापुढे अर्धा मीटर तांब्याची नळी, मग रबरी होज, मग ० ते १ बारचा गेज. तांब्याची नळी विसरू नका, होज थेट लावला तर वितळतो. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ०.१ बारच्या आत, २,५०० आरपीएमला ०.२ बारच्या आत वाचन आलं तर वाट मोकळी आहे. २,५०० ला ०.३५ च्या वर गेलं तर चोंदलाय, वाद नाही. सेन्सर काढल्यामुळे नवा कोड पडेल, तो नंतर पुसा.

गेज नसेल तर इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. आयडलला १७ ते २१ इंच (पारा). २,५०० वर स्थिर धरा. काटा सुरुवातीला बरा दाखवून हळूहळू खाली उतरत गेला तर बाहेरची वाट बंद आहे. बडोदा जवळजवळ समुद्रसपाटीला आहे म्हणून हे आकडे तसेच धरा. इंदूरला हीच गाडी सुमारे दोन इंच कमी दाखवेल आणि ते बिघाडाचं लक्षण नसेल.

आता ताकद. गाडी वीस मिनिटं चालवून गरम करा, पेट्रोलवर २,५०० आरपीएम तीन मिनिटं धरा आणि स्कॅनरवर दोन्ही सेन्सर एकत्र बघा. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर उड्या मारणार, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहिला पाहिजे. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर लेपाची ऑक्सिजन साठवायची क्षमता संपली. पुढचा सेन्सर वाइडबँड जातीचा असेल तर तो या उड्या दाखवत नाही, तेव्हा फक्त मागचा बघा. पण त्याआधी मॅनिफोल्ड गास्केट आणि दोन्ही सेन्सरांच्या मधले जोड तपासा. थंड इंजिन सुरू करून जोडाजवळ साबणाचं पाणी मारा. बारीक गळतीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगल्या कॅटवरही हाच कोड येतो.

सकाळची खडखड ही जाळी आतल्या आत सुटल्याची. रबरी हातोडीने कॅटच्या डब्यावर हलकं ठोका, आतून वाजलं तर धुण्याचा विषय तिथेच संपला. गाडी २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पाण्यातून गेली होती का? तापलेला कॅट पाण्यात बुडाला की सिरॅमिक तडकतं आणि त्याभोवतीची मॅट ढिली पडते.

मांडवी-ते-माची

एवढं सगळं करायचं कशाला? पोकळ करून घ्या, मागच्या सेन्सरला स्पेसर (सेन्सर धुरापासून लांब धरणारा तुकडा) लावा, कोडही येत नाही. अर्ध्या बडोद्याच्या गाड्या अशाच चालतात.

पोळं-आणि-प्लॅटिनम

भाऊ, स्पेसर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) फसवतो, पीयूसीच्या मशीनला नाही. ते मशीन सायलेन्सरच्या तोंडात नळी घालून थेट धुरातले वायू मोजतं. बीएस-४ पेट्रोलला आयडलवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम ही मर्यादा, शिवाय २,५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ आणि लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण, आदर्श १) ०.९७ ते १.०३. पोकळ डब्याने हे आकडे येतच नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आणि मिसफायर तसाच राहणार, तो पुढे व्हॉल्व्ह जाळेल. हा धूर मांडवीच्या गर्दीत पायी चालणाऱ्यांच्याच नाकात जातो, मला तर हेच कारण सगळ्यात मोठं वाटतं.

बाकी वाचकांसाठी: १ एप्रिल २०१० ला बीएस-४ दिल्ली परिसर आणि १३ शहरांतच आलं. गुजरातेतून अहमदाबाद आणि सुरत होतं, बडोदा नव्हतं. त्यामुळे इथे २०११ च्या कित्येक गाड्या बीएस-३ आहेत, त्यांत बहुधा एकच ऑक्सिजन सेन्सर असतो आणि कॅट मेला तरी पी-०४२० कधीच येत नाही. तिथे गेज आणि पीयूसीचे आकडे हाच पुरावा. बीएस-३ ची मर्यादा सीओ ०.५ आणि एचसी ७५०.

सीएनजी-ट्यूनर

गॅसची बाजू मी सांगते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर १.० किंवा १.१ मिमी गॅपचा प्लग चालून जातो, तोच गॅसवर लोड आला की चुकतो. गॅप ०.७ ते ०.८ मिमी करा. कॉइल तपासायला पैसे लागत नाहीत: दोन आणि तीन नंबरच्या कॉइल अदलाबदल करा. कोड पी-०३०३ झाला तर कॉइल गेली. पी-०३०२ तसाच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

दुसरं, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, स्कॅनरवर दिसतो) पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळं लिहून घ्या. दोन्हीत फरक मोठा असेल तर किटचं मॅपिंग (कधी किती गॅस सोडायचा याचं सेटिंग) बिघडलंय. ट्रिम दहा टक्क्यांच्या आत हवं, अधिक असो वा उणे. गॅसवर बराच वेळ चालवून पेट्रोलवर आलात की ईसीयू ते चुकीचं ट्रिम पेट्रोलला लावतो आणि गाडी रिच जाते, म्हणजे इंधन जास्त पडतं. तुमचा अंड्याचा वास पेट्रोलवरच येतो, तो याच्याशी जुळतो. किटचे दोन्ही गॅस फिल्टरही बदला, लोक ते विसरतातच.

तिसरं ऑइल. पातळी दर १,००० किमीला किती उतरते? ऑइलमधलं फॉस्फरस जाळीवर काचेसारखा थर धरतं. पेट्रोल गाडीत ट्रकच्या डिझेल इंजिनाचं ऑइल टाकू नका, त्यात फॉस्फरस जास्त असतं. शिसं मात्र पेट्रोलमध्ये २००० सालापासून देशभर बंद आहे, तो संशय सोडा.

विश्वामित्रीकाठ

ताई, दादा, दोघांचेही आभार. सगळं मोजून आणलंय.

बॅक प्रेशर आयडलला ०.१३, २,५०० ला ०.३८ बार. मागचा सेन्सर पुढच्याबरोबर नाचतो. गळती नाही. कॉइल अदलाबदल केली, कोड ०३०२ च राहिला. नवे प्लग ०.८ वर लावले, तरी तोच. ट्रिम पेट्रोलवर उणे ३, गॅसवर अधिक १४. कॉम्प्रेशन १२.१, ९.४, ११.९, १२.० बार. दोन नंबरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत घेतलं, ९.५. व्हॉल्व्ह क्लिअरन्सला (व्हॉल्व्हच्या टोकावरची मोकळी फट) मॅन्युअल एक्झॉस्टसाठी ०.३० मिमी म्हणतं, दोन नंबरला ०.१० चा फीलरसुद्धा जात नाही. ऑइल उतरत नाही. गाडी पाण्यातून गेलेली नाही.

सीएनजी-ट्यूनर

सापडला. ऑइल घालून कॉम्प्रेशन वाढलं नाही म्हणजे रिंगा ठीक, व्हॉल्व्ह गळतोय. गॅस कोरडा जळतो, सीट झिजते, व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत जातो आणि क्लिअरन्स कमी होत जातो. शेवटी तो पूर्ण मिटतच नाही. मिटला नाही की स्वतःची उष्णता सीटला देऊ शकत नाही आणि कडेने जळतो.

थंड इंजिनावर क्लिअरन्स ०.३० ला आणा, १०० किमी चालवा, पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. बाकीच्यांपासून १ बारच्या आत आलं तर वाचलात. नाहीच आलं तर हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्ह, दुसरा रस्ता नाही. यापुढे दर २०,००० किमीला क्लिअरन्स बघत जा. नंतर गॅसचं मॅप पुन्हा करून घ्या, लॅपटॉप लावून, अंदाजाने रेड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवून नव्हे. अधिक १४ म्हणजे गॅस कमी पडतोय आणि लीन (इंधन कमी पडल्याने होणारा) मिसफायरही त्यातच आला.

पोळं-आणि-प्लॅटिनम

०.३८ म्हणजे कॅट गेला. काळा कार्बन असता तर कारण दुरुस्त करून एक्सप्रेसवेवर २,५००-३,००० आरपीएमने अर्धा तास चालवल्यावर बराच जळून गेला असता. वितळलेली जाळी आणि गोळा झालेले धातू कोणत्याही केमिकलने परत येत नाहीत. थिनर किंवा अ‍ॅसिडने लेपच सुटतो, आणि आत राहिलेल्या थिनरची वाफ गरम पाइपमध्ये पेट घेऊ शकते. व्हॉल्व्हचं काम होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका, अडलेली वाट एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आणखी तापवते.

कंपनीचा परवडत असेल तर कंपनीचाच. बाहेरच्या स्वस्त डब्यांत मौल्यवान धातू कमी घालतात, गाडी पीयूसीत पास होते पण पी-०४२० वर्षभरात परत.

मकरपुरा-फिटर

इथे थोडा मतभेद. तेरा वर्षांच्या गाडीला कंपनीचा कॅट गाडीच्या किमतीच्या मानाने जड जातो. बाहेरचा चालतो, पण मोजून घ्या. जुन्या जाळीचा व्यास आणि लांबी मोजा, नव्याची त्यापेक्षा कमी नको. चौरस इंचात ४०० पेशींची जाळी घ्या. इंजिनापासूनचं अंतर तेच ठेवा, मागे सरकवला तर तापायला वेळ लागतो. डब्यावरचा बाण सायलेन्सरच्या दिशेने.

बसवताना जे चुकतं ते सांगतो. फ्लँजच्या स्टडला आदल्या रात्रीच ऑइल मारून ठेवा, सकाळी थंड स्टडवर जोर लावला की हमखास तुटतो. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर ईसीयू जातो. गास्केट नवे. सिलिकॉनचा सीलंट कॅटच्या आधी, इंजिनाच्या बाजूला, कुठेही नको, त्याची वाफ सेन्सर आणि कॅट दोघांनाही मारते. सेन्सर ४० ते ४५ न्यूटन-मीटर, अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांवर, टोकाला नाही. हीट शील्ड परत बसवाच, त्याशिवाय सुक्या गवतावर उभी केलेली गाडी पेटू शकते. जुना डबा कापताना मास्क लावा, मॅटचे तंतू फुप्फुसात जातात.

सायलेन्सर उतरवलाच आहे तर हलवून बघा. तुटलेल्या जाळीचे तुकडे वाहत जाऊन तिथे अडकतात आणि नवा कॅट लावूनही दम येत नाही. आणि तुमचा मूळ डबा गॅरेजमध्ये सोडू नका. त्यातल्या धातूमुळे त्याला भंगारात चांगला भाव असतो. हिशेबात धरा किंवा घरी आणा.

विश्वामित्रीकाठ

आधी व्हॉल्व्ह, मग गॅसचं मॅप, मग कॅट, या क्रमाने काम देतो. बसवल्यावर तपासायचं कसं?

पोळं-आणि-प्लॅटिनम

कोड पुसा, ६० ते ८० च्या स्थिर वेगाने पंधरा-वीस मिनिटं चालवा, स्कॅनरवर कॅटॅलिस्ट मॉनिटर (ईसीयूची कॅटची स्वतःची तपासणी) पूर्ण झालाय का बघा. पूर्ण होईपर्यंत कोड नाही याला काही अर्थ नाही. बॅक प्रेशर पुन्हा घ्या, २,५०० ला ०.२ च्या आत हवं. पीयूसीला पंधरा किलोमीटर चालवून गरम गाडीच न्या, रांगेत इंजिन बंद करू नका, थंड कॅट चांगला असूनही नापास होतो.

मकरपुरा-फिटर

आणि ५०० किमीनंतर फ्लँजचे नट एकदा गरम-थंड झाल्यावर परत कसा. नवा गास्केट बसतो आणि थोडा ढिला होतो.